शिशुवय : बालवाडी आणि स्क्रीन

मूल चालू लागल्यापासून साधारण तीन वर्षांचे होईपर्यंतचा काळ म्हणजे शिशुवय. या काळात आईवडिलांपुढे दोन प्रश्न जवळजवळ एकदमच येतात : मुलाला कोणत्या वर्गात, केव्हा आणि कोणत्या माध्यमात घालायचे, आणि घरातला मोबाइल व टीव्ही त्याच्या वाट्याला किती येऊ द्यायचा. दोन्हींची चर्चा सहसा वेगवेगळी होते, पण कसोटी एकच आहे. या वयात मूल भाषा शिकते ती समोरच्या माणसाशी बोलून, आणि हातापायांवर ताबा मिळवते ते धावून, चढून, सांडून. या दोन्हींसाठीचा वेळ कोण वाढवते आणि कोण खाते, ते पाहावे.

स्क्रीनच्या मर्यादेबाबत तज्ज्ञ संस्थांमध्ये फारसा मतभेद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या एप्रिल २०१९ च्या शिफारशींनुसार दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत स्क्रीनसमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर अधिक बरे. भारतातील बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, हिचेही म्हणणे तेच आहे. दोन वर्षांखाली ती फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला मोकळीक देते, आणि दोन ते पाच वर्षांसाठीचा एक तास मोठ्यांच्या देखरेखीखाली असावा असे सांगते. पालकांच्या लक्षात हा एक तास तेवढा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशींत एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १८० मिनिटे हालचाल, एक-दोन वर्षांच्या मुलाला दुपारच्या डुलकीसह ११ ते १४ तास झोप, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप, आणि बाबागाडीत किंवा खुर्चीत सलग एका तासाहून अधिक अडकवून न ठेवणे हेही सांगितले आहे. या बाबी पाळल्या की स्क्रीनसाठी वेळ उरतोच थोडा.

व्हिडिओ कॉलला सूट का, आणि ‘शैक्षणिक’ व्हिडिओला का नाही? अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर बसलेल्या व्यक्तीने खेळत-बोलत, काहींना तेच बोलणे व्हिडिओवर. समोर माणूस असलेली बाळे त्या भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. व्हिडिओवाली ओळखू शकली नाहीत. पुण्यातला नातू आणि कॅलिफोर्नियातली आजी व्हिडिओ कॉलवर ‘बुवा कुक’ खेळतात, तेव्हा नातवाच्या हसण्यावर आजी तिथल्या तिथे हसते. रंग-आकार-मुळाक्षरांचे व्हिडिओ मुलाच्या कशालाच उत्तर देत नाहीत. दोन वर्षांनंतर मूल पडद्यावरून थोडेफार उचलू लागते, पण तेही कोणी शेजारी बसून ‘अरे, हा हत्ती बघ, आपण कात्रजला पाहिला तसा’ असे जोडून दिले तर. इंग्रजीतले आकडे घडाघडा म्हणणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला समोर तीन बिस्किटे ठेवून ‘दोन दे’ म्हणावे. म्हणणे आणि कळणे यांतले अंतर लगेच दिसते.

कोणी न पाहता चालू ठेवलेला टीव्ही हा घरोघरी दुर्लक्षित राहणारा भाग. मूल खेळत असते, आजी-आजोबांची मालिका लागलेली असते. मूल पडद्याकडे बघत नाही म्हणून कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. प्रत्यक्षात अशा खोलीत मोठी माणसे मुलाशी कमी बोलतात, आणि मुलाचा खेळ तुकड्यातुकड्यांत होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. एकत्र कुटुंबात मालिका बंद करायला सांगणे अवघड. मुलाची खेळाची जागा दुसऱ्या खोलीत हलवणे जास्त जमण्यासारखे आहे.

जेवताना मोबाइल हे सर्वांत चिवट दुखणे. मूल पडद्याकडे बघत आ करते, पोट भरल्याची खूण त्याला किंवा भरवणाऱ्याला कळत नाही, आणि पुढे मोबाइलशिवाय घासच जात नाही. ही सवय मोडताना जेवणाची जागा आणि वेळ ठरवावी, सर्वांसोबत ताट मांडावे, वरणभात, पोळीचे तुकडे, उकडलेला बटाटा असे हाताने उचलता येईल ते वाढावे आणि २०-३० मिनिटांत ताट उचलावे. पहिले काही दिवस मूल कमी खाते. नेमके याच टप्प्यावर घरातले कोणीतरी कळवळून मोबाइल काढते, आणि जास्त रडले की मोबाइल मिळतो हे मूल शिकते. म्हणून बंदी सुरू करण्याआधी भरवणाऱ्या सर्वांचे, विशेषतः आजी आणि सांभाळणाऱ्या मावशींचे, एकमत हवे. निरोगी मूल एक-दोन जेवणे अर्धवट सोडल्याने खालावत नाही. वजन घटत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

स्क्रीन बंद करतानाचा आकांतही बराचसा आपल्या पद्धतीमुळे वाढतो. ‘आता दोनच मिनिटं हं’ असे बजावल्याने मूल शांतपणे सोडेल असा समज आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांना २०१६ च्या अभ्यासात उलटे दिसले : अशी सूचना दिल्यावर रडारड वाढत होती, तर गोष्ट किंवा गाणे आपोआप संपल्यावर मूल तुलनेने सहज उठत होते. म्हणून मिनिटांऐवजी ‘एक गोष्ट’ असे माप ठेवावे. ऑटोप्ले बंद करावे, नाहीतर गोष्ट संपतच नाही. त्याहून सोपे म्हणजे दोन-तीन निवडक व्हिडिओ आधी उतरवून ठेवणे आणि इंटरनेट बंद करून तेवढेच दाखवणे. एका ॲपमधून बाहेर पडता येऊ नये म्हणून अँड्रॉइडवर ॲप पिनिंग आणि आयफोनवर गाइडेड ॲक्सेस ही सोय असते. झोपण्याआधीच्या तासाभरात स्क्रीन नको.

मूल बोलत नाही की हल्ली सगळे खापर मोबाइलवर फुटते. हे धोक्याचे आहे. दीड वर्षात एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांत ‘बाबा ये’, ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडणी नाही, नाव घेतल्यावर वळत नाही, किंवा बोट दाखवून काही दाखवत नाही, तर आधी कानांची तपासणी करावी. ‘मोबाइल बंद केला की बोलेल’ म्हणत सहा महिने थांबल्याने उपचारांचा मोलाचा काळ जातो. स्क्रीनमुळे होतो म्हणून सांगितला जाणारा ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे वैद्यकीय निदान नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हास्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असतात.

बालवाडीच्या निवडीकडे वळताना महाराष्ट्रात या विषयाची परंपरा जुनी आहे हे लक्षात घ्यावे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये गुजरातेतल्या भावनगरला बालमंदिर सुरू केले. पुढे हे काम महाराष्ट्रात आणणाऱ्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये ताराबाईंनी (आताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून रूढ झाला. शंख, शिंपले, पाने, बिया हेच तिथले साहित्य. आजच्या अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती सरकारी एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ ची. आज अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना खेळ व शिक्षणाबरोबर गरम आहार देणे अपेक्षित आहे. मध्यमवर्गीय पालक अंगणवाडीचा विचारही करत नाहीत. सेविका चांगली असेल तर शेजारच्या महागड्या प्लेग्रुपपेक्षा ती सरस ठरू शकते.

महाराष्ट्रात प्लेग्रुप-नर्सरीसाठी ३१ डिसेंबरला तीन वर्षे पूर्ण आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण अशी अट आहे. दोन वर्षांच्या मुलाला ‘मागे पडेल’ म्हणून वर्गात घालण्याची गरज नाही. घरी बोलणारे माणूस आणि खेळायला दोन-चार मुले असली की पुरे. मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन शाळाप्रवेश देणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंद केले आहे.

वर्ग पाहायला जाताना माहितीपुस्तक घरी ठेवावे आणि अर्धा तास दाराशी उभे राहावे. लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाविषयीच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणानुसार तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती हवी, त्यापुढे वीस मुलांमागे एक, आणि तीस मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटर खोली. मुले बोलताहेत की फक्त बाई, वाळू-पाणी-माती हाताळायला मिळते का, शी-शू झाल्यावर कोण कसे बोलते, हे डोळ्यांनी बघावे. तीन वर्षांच्या मुलाला रेघी वहीत अक्षरे गिरवायला लावणारा वर्ग टाळावा. पेन्सिल तीन बोटांत धरण्याची पकड बहुतेक मुलांत चार ते सहा वर्षांच्या दरम्यान बसते. त्याआधी जबरदस्ती केली की मूल मुठीत पेन्सिल आवळते, हात दुखतो, आणि लिहिण्याचा कंटाळा पहिलीपर्यंत सोबत येतो. कणीक मळणे, मटार सोलणे, वाटीतून वाटीत पाणी ओतणे ही लिहिण्याची खरी पूर्वतयारी. मणी आणि चिंचोके मात्र तीन वर्षांखाली नकोत, घशात अडकतात.

माध्यमाचा प्रश्न घरोघरी भावनेवर सुटतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा कल शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेकडे आहे. इंग्रजी माध्यमच घ्यायचे असेल तर घरी मोडकी इंग्रजी बोलण्याऐवजी मराठीच भरपूर बोलावी. ‘कम हिअर, पाणी ड्रिंक कर’ अशा बोलण्यातून मुलाला दोन्ही भाषांची पुरी वाक्ये ऐकायला मिळत नाहीत.

नोकरी करणाऱ्या पालकांच्या बाबतीत दोन्ही प्रश्न पाळणाघरात एकत्र येतात. मूल दिवसाचे आठ-नऊ तास तिथे असते, म्हणून घरी पाळलेली स्क्रीनची एका तासाची मर्यादा तिथे सहज उधळली जाते. नाव घालण्यापूर्वी दुपारी चारच्या सुमारास, न कळवता, एक फेरी मारावी. मुले झोपून उठलेली असतात, खाणे व्हायचे असते, सांभाळणाऱ्या थकलेल्या असतात. टीव्ही लागत असेल तर याच वेळी लागतो. लागलेला दिसला तर किती वेळ आणि काय लावता हे सरळ विचारावे, आणि त्या वेळेसाठी ठोकळे किंवा चित्रांची पुस्तके द्यायची तयारी दाखवावी.