छोट्या संगणकासाठी मॉनिटर व केबल

छोटा डेस्कटॉप संगणक म्हणजे हाताच्या पंजाएवढा मिनी पीसी किंवा रास्पबेरी पायसारखा एकाच बोर्डावर मावणारा संगणक. त्याला स्वतःचा पडदा नसतो. मॉनिटर आणि दोघांना जोडणारी केबल वेगळी घ्यावी लागते. मराठवाड्यात असे संगणक आपले सरकार सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत, मोंढ्यातल्या आडत दुकानांत आणि शिकणाऱ्या मुलांच्या खोल्यांत वापरले जातात. वीज कमी लागते, हे त्यामागचे मोठे कारण. साध्या कामात मिनी पीसी साधारण १० ते ३० वॅट घेतो आणि २४ इंची एलईडी मॉनिटर २० ते २५ वॅट. लाईट गेल्यावर ही जोडी लहान यूपीएसवरही मोठ्या कॅबिनेटच्या संगणकापेक्षा बराच वेळ तग धरते. पीक विमा भरण्याच्या शेवटच्या दिवशी केंद्रापुढे रांग लागलेली असताना तेवढा वेळ फार मोलाचा असतो.

निवडीची सुरुवात मॉनिटरच्या आकारापासून करू नये. आधी संगणक उलटा करून त्याच्या पाठीमागे कोणते पोर्ट, म्हणजे केबल खुपसायच्या खाचा, आहेत ते पाहावे. निळ्या पिनचा, तीन ओळींत १५ छिद्रे असलेला व्हीजीए आयबीएमने १९८७ मध्ये आणला. तो अ‍ॅनालॉग आहे, म्हणजे चित्र आकड्यांनी नव्हे तर चढउतारत्या लहरीने जाते, त्यामुळे केबल लांबली किंवा हलक्या दर्जाची निघाली की अक्षरांच्या कडा पसरतात. आवाजही त्यातून जात नाही. एचडीएमआय २००२ च्या अखेरीस आला. त्याला १९ पिन असतात आणि चित्र व आवाज दोन्ही एकाच तारेतून जातात. डिस्प्लेपोर्ट २००६ चा. त्याची एक बाजू तिरपी कापलेली असते आणि बऱ्याच केबलींना खटका असतो. तो न दाबता ओढली तर पोर्ट ढिला होतो.

कंपन्यांच्या कार्यालयांतून निघून जुन्या बाजारात येणारे मिनी पीसी, उदाहरणार्थ डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी किंवा एचपीचे एलिटडेस्क मिनी, घेताना हे विशेष पाहावे. त्यांतल्या अनेकांना एचडीएमआय नसतो, डिस्प्लेपोर्ट असतो. इथे एक भाषिक घोटाळाही होतो. संगणकवाले डिस्प्लेपोर्टला डीपी म्हणतात, तर मराठवाड्यात डीपी म्हणजे शेतातले वा गल्लीतले वीज रोहित्र. दुकानात पूर्ण नाव घेऊन केबल मागावी.

अशा संगणकाला एचडीएमआयचा मॉनिटर जोडण्यासाठी एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय असलेली केबल मिळते. ती एकाच दिशेने चालते: संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलट लावली तर पडदा काळाच राहतो आणि दोष बिचाऱ्या मॉनिटरवर जातो. एचडीएमआयचे व्हीजीए करायचे तर डिजिटल संकेताचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारा कन्व्हर्टर लागतो. नुसत्या पिना जुळवून ते होत नाही. हलका कन्व्हर्टर मॉनिटरची माहिती संगणकापर्यंत नीट पोहोचवत नाही, मग संगणक आडव्या १०२४ व उभ्या ७६८ ठिपक्यांच्या (१०२४ × ७६८) चित्रावर येऊन थांबतो आणि पडद्यावरची अक्षरे फुगलेली, अस्पष्ट दिसतात. घरात जुना व्हीजीए मॉनिटर चांगला चालत असेल तर कन्व्हर्टर जरूर घ्यावा. मात्र नवा मॉनिटर घेताना निदान एक एचडीएमआय असलाच पाहिजे.

रास्पबेरी पाय ४ (२०१९) आणि पाय ५ (२०२३) यांना नेहमीचा एचडीएमआय नसून दोन मायक्रो एचडीएमआय असतात. मिनी एचडीएमआय हा आणखी वेगळा आकार. नावे जवळची असल्याने चुकीची केबल घरी येते. एकच मॉनिटर असेल तर तो वीज जोडण्याच्या पोर्टला लागून असलेल्या मायक्रो एचडीएमआयला लावावा. या दोन्ही संगणकांवरचा टाइप-सी पोर्ट विजेसाठी आहे, त्यातून चित्र बाहेर येत नाही. काही मिनी पीसींच्या टाइप-सीमधून मात्र येते. पण त्यासाठी केबलही तशी लागते. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या साध्या टाइप-सी केबलीत चित्र नेणाऱ्या जलद तारा बहुधा नसतातच.

एचडीएमआयच्या महागड्या केबलीचा मोह टाळावा. सोन्याचा मुलामा दिल्याने डिजिटल चित्र अधिक स्वच्छ होत नाही. १९२० × १०८० च्या मॉनिटरसाठी दीड-दोन मीटरची साधी हाय स्पीड केबल पुरते. ३८४० × २१६० चे चित्र ६० हर्ट्‌झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा नवे होणारे, हवे असेल तर प्रीमियम हाय स्पीड असा शिक्का पाहावा. त्यासाठी संगणक आणि मॉनिटर या दोघांचेही पोर्ट निदान एचडीएमआय २.० चे हवेत, १.४ वर हे चित्र ३० हर्ट्‌झलाच अडते आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो.

पडद्याच्या निवडीत देवनागरीचा विचार सर्वांत आधी व्हावा असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. सातबाऱ्यावरचे नाव वाचताना अनुस्वार आहे की नाही, उकार ऱ्हस्व की दीर्घ, ‘ट्ट’ की ‘ट्ठ’, हे एका दृष्टिक्षेपात कळले पाहिजे. शिरोरेखेच्या वर आणि अक्षराच्या खाली बारीक खुणा असणाऱ्या या लिपीला त्याच उंचीत रोमनपेक्षा जास्त पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, लागतात. आधार कार्डावर एक आणि बँकेत दुसरे नाव गेले की त्याची किंमत अर्जदार मोजतो. म्हणून इंचामागे पिक्सेल किती, ते पाहावे. १९२० × १०८० चा २१.५ इंची मॉनिटर घेतला तर इंचात सुमारे १०२ पिक्सेल बसतात, २४ इंचीत ९२ आणि २७ इंचीत केवळ ८२. आकार वाढला, खर्च वाढला आणि अक्षर मात्र खडबडीत झाले. २७ इंचीच हवा असेल तर २५६० × १४४० चा घ्यावा, त्यात १०९ पिक्सेल मिळतात. छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेडकडे उर्दू वाचणारी घरे आणि दुकानेही पुष्कळ आहेत. तिरप्या उतरणीची नस्तालीक लिपी तर रिझोल्यूशनला, म्हणजे पिक्सेलच्या संख्येला, आणखी भुकेली असते.

पॅनेलमध्ये, म्हणजे पडद्याच्या चित्र दाखवणाऱ्या भागात, आयपीएस हा प्रकार घ्यावा. हिताचीने १९९६ मध्ये आणलेल्या या प्रकारात बाजूने पाहिले तरी रंग फिरत नाही. सेवा केंद्रात चालक समोर बसतो आणि शेतकरी बाजूला उभा राहून स्वतःचे नाव तपासतो. स्वस्त टीएन पॅनेलवर त्याला फिकट सावली दिसते. चकचकीत काचेपेक्षा मॅट पडदा बरा. दुकान रस्त्याकडे उघडे असेल तर मॉनिटर दाराला काटकोनात ठेवावा.

घरातला ३२ इंची टीव्ही मॉनिटर म्हणून चालेल का, हे सर्रास विचारले जाते. चित्रपटासाठी चालेल. असे बरेच टीव्ही १३६६ × ७६८ चे असतात, म्हणजे इंचाला फक्त ४९ पिक्सेल. शिवाय टीव्ही चित्राच्या कडा कापतो आणि रंगाची माहिती कमी करून दाखवतो, त्यामुळे लाल-निळी अक्षरे पुसट होतात. तात्पुरते वापरायचेच असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र मूळ आकारात आणि पीसी मोडमध्ये ठेवावे.

पोर्ट जळण्यामागे मराठवाड्यात अर्थिंग हे मोठे कारण असू शकते आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. काळी माती उन्हाळ्यात आटते, भेगाळते आणि अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते. जमिनीशी असलेला विजेचा संबंध तुटत जातो. तीन पिनचा प्लग असूनही अर्थ नावापुरतीच उरते. अशा वेळी वीजपुरवठ्यातल्या गाळणीच्या कपॅसिटरांमुळे धातूच्या कॅबिनेटवर निम्म्या दाबाइतकी, म्हणजे जवळपास ११५ व्होल्ट, वीज तरंगत राहते. हात लावला की मुंग्या येतात. प्रवाह अगदी थोडा असतो. पण दोन्ही उपकरणे चालू असताना एचडीएमआय खुपसली तर तो नाजूक पोर्टमधून वाट काढतो. म्हणून केबल लावताना-काढताना दोन्ही बटणे बंद करावीत आणि संगणक व मॉनिटर विजेच्या एकाच बोर्डावर ठेवावेत. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांमधला दाब मोजून घ्यावा. तो २३० च्या आसपास आला पाहिजे. शेतात मोटारीसाठी मीठ-कोळसा घालून उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी देणारा माणूस घरच्या अर्थिंगला मात्र विसरतो.

मॉनिटरच्या पाठीला ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर चार छिद्रे असली तर मिनी पीसी तिथेच बसवता येतो आणि टेबल मोकळे राहते. बऱ्याच मॉनिटरांची चालू स्थितीतली मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तेवढे तापमान सहज ओलांडले जाते. तिथे संगणक पाठीला चिकटवण्यापेक्षा बाजूला, हवा लागेल असा ठेवलेला बरा. फुफाटा आत जातो म्हणून संगणकावर कापड टाकण्याची सवय असते. तो चालू असताना कापड काढलेच पाहिजे.

वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की बोर्डाचे बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढावा लागतो. सोबत इंटरनेटची तांब्याची तार आणि टीव्ही जोडलेला असेल तर छत्रीची तारही काढावी, कारण छतावरून आलेला झटका सेट टॉप बॉक्समधून एचडीएमआयच्याच वाटेने संगणकापर्यंत पोहोचतो.