पाणबुडी लपते ती पाण्याच्या थरांत

माझगाव डॉकने बांधलेली 'वागशीर' ही पाणबुडी 15 जानेवारी 2025 रोजी मुंबईतच नौदलात दाखल झाली. अशी पाणबुडी पाण्याखाली गेली की तिला शोधायची सगळी भिस्त आवाजावर. आपल्या किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात उजेड काही मीटरांतच संपतो, रडारच्या लहरी खारं पाणी शोषून घेतं. आवाज मात्र तिथे सेकंदाला सुमारे 1500 मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो.

पाणबुडीला सर्वांत आधी दगा देतो तो तिचाच पंखा. पातं जोरात फिरलं की त्याच्या एका बाजूचा दाब इतका उतरतो की गार पाण्यातही वाफेचे बुडबुडे धरतात आणि लगेच कडकडत फुटतात. म्हणून पाती कोयत्यासारखी वाकडी घडवतात, यंत्रं रबरी आधारांवर बसवतात आणि शक्य तेवढं सावकाश जातात.

समुद्रही काही गप्प नसतो. ज्याच्या बोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, सोन्याचा भाव येतो तो घोळ मासा आणि त्याच्याच कुळातला ढोमा, दोघेही बोताजवळचे स्नायू थरथरवून आवाज काढतात. 1942 मध्ये अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात पाणबुड्यांसाठी लावलेले हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, याच कुळातल्या माशांच्या गलक्याने भरून गेले होते.

आधी कोण ऐकतो, यावर जीव अवलंबून असतात. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळ आपल्या 'आयएनएस खुकरी' या युद्धनौकेला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने बुडवलं. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. हंगोर जितक्या दुरून ऐकू शकत होती, तितक्या दूर खुकरीचं सोनार, म्हणजे आवाज सोडून वा ऐकून पाण्याखालचं शोधणारं यंत्र, पोचत नव्हतं. ही गोष्ट विसरून सोनारबद्दल लिहिणं मला जमत नाही.

आता खरी मेख. पाण्यात आवाज सरळ जात नाही. पाणी एका अंशाने तापलं की आवाजाचा वेग सेकंदाला तीनेक मीटरने वाढतो, आणि जिकडे वेग कमी तिकडे तो वळतो. 1930 च्या दशकात अमेरिकी नौदलाला कोडं पडलं होतं: सकाळी उत्तम चालणारं सोनार दुपारी बहिरं का होतं? यंत्र ठणठणीत होतं. उन्हाने वरचं पाणी तापायचं, खालचं गारच राहायचं, आणि सोनारचा आवाज खाली वाकून पाणबुडीच्या अलीकडेच खोल निघून जायचा. पुढे शास्त्रज्ञ ॲथेलस्टन स्पिलहाउस यांनी खोलीप्रमाणे तापमान नोंदवणारं बॅथीथर्मोग्राफ बनवलं. दुसऱ्या महायुद्धात ते जहाजांवर होतं, तसंच पाणबुड्यांवरही.

अरबी समुद्रात हे थर ऋतूगणिक बदलतात. एप्रिल-मेमध्ये वारा पडलेला, ऊन कडक. वरचा उबदार थर पातळ असतो. मोसमी वारे सुटले की भर समुद्रातलं पाणी घुसळून तोच थर जाड होतो. शिवाय मुंबईसमोरचा समुद्र दोनशे किलोमीटरहून दूरपर्यंत उथळच आहे. आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात आपटत राहतो, आणि इतक्या प्रतिध्वनींतून पाणबुडीचा नेमका ओळखणं फार कठीण जातं.

थराखाली दडलेल्या पाणबुडीसाठी जहाजं सोनार लांब केबलवर खोल सोडतात. हेलिकॉप्टरही हवेत एका जागी थांबून तेच करतं. केबल किती सोडायची, हे त्या दिवशीच्या पाण्याचं तापमान मोजूनच ठरतं.