सिंगापूरच्या तोफा खरंच उलट्या होत्या का? किनारी तोफखान्याची पार्श्वभूमी

नाशिककरांना तोफेचं फारसं कौतुक नाही. देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की कॅम्पकडच्या खिडक्या थरथरतात आणि आपण चहा पीत बसतो. पण त्या मैदानी तोफा, बंदर राखणाऱ्या तोफांची जातच वेगळी. खांदेरी-उंदेरीचं आपल्याला शाळेपासून माहितीये, त्यात पडत नाही.

जमिनीवरच्या तोफेचं टार्गेट बऱ्याचदा जागेवर असतं, जहाज मात्र चालत असतं, म्हणजे गोळा हवेत असेपर्यंत ते कुठे पोचेल याचा हिशोब आधीच करावा लागतो. त्यासाठी उंच टेकडीवर दुर्बिणीचं ठाणं. ठाण्याची समुद्रापासूनची उंची माहीत असली आणि जहाज पाण्याला टेकतं तिथपर्यंत नजर किती खाली वाकली तो कोन मोजला की अंतर निघतं, साधी त्रिकोणमिती. मोठ्या तोफा लांबच्या युद्धनौकांसाठी, ६ इंची (म्हणजे नळीचं तोंड ६ इंच रुंद) जवळ घुसणाऱ्यांसाठी, आणि अगदी छोट्या जलद तोफा टॉर्पेडो बोटींसाठी, अशी वाटणी ब्रिटिशांनी केली होती. मुंबईत कुलाबा आणि बंदरातला मिडल ग्राउंडचा खडक ही त्यातलीच ठाणी.

पण अशा तोफांचा नेम लागेलच असं नाही. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एमडन नावाच्या जर्मन क्रूझरने (वेगवान युद्धनौकेने) मद्रासवर गोळे टाकून तेलाच्या टाक्या पेटवल्या, किनाऱ्यावरून उत्तर गेलं पण जहाजाला काहीच लागलं नाही.

आता मुद्द्याचं. सिंगापूरच्या तोफा समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या आणि जपानी मागून, जमिनीकडून आले, ही गोष्ट सगळेच सांगतात. अर्धी खोटी आहे. १५ इंची तोफा पाच होत्या, तीन जोहोर बॅटरीत, दोन बुओना व्हिस्टात, ही दोन्ही सिंगापूर बेटावरचीच तोफांची ठाणी. बुओना व्हिस्टातल्या खरंच जमिनीकडे पुरेशा वळत नव्हत्या, पण जोहोर बॅटरीच्या वळल्या आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांनी समोरच्या मलायातल्या जोहोर प्रांताच्या बाजूला मारा केला. मग फरक का पडला नाही? गोळ्यांमुळे. नाशिकरोडला राहणारे एक रिटायर्ड हवालदार काका ओळखीचे आहेत, त्यांनी टेबलावर बिस्किट आडवं ठेवून दाखवलं, "हे जहाजाचं पोलाद. एपी, म्हणजे चिलखत फोडणाऱ्या गोळ्याचं नाक जाड, तो हे फोडून आत जातो आणि मग फुटतो. आता हेच चिखलावर मार!" आणि बोट सरळ चहात बुडवलं. गोळा मातीत खोल गाडला जातो, मग फुटून करणार काय. माणसं आणि ट्रक यांच्यासाठी एचई, म्हणजे जोरदार स्फोट करणारा गोळा लागतो, तो १५ इंचीला नव्हताच, ९.२ इंचीला तोफेमागे साधारण ३० गोळे. शिवाय गोळा पडला कुठे ते बघायला पुढे माणूस नाही, म्हणून नकाशावरून अंदाजाने मारा. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. मला वाटतं तोफांना दोष देणं सोपं पडलं, गोळे कुठले मागवायचे हे ज्या फायलीत ठरलं तिकडे कुणी बघितलं नाही. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही, शत्रू समुद्राकडून आलाच नाही, म्हणजे त्या तोफांनी आपलं काम केलं होतं की.

उलट उदाहरण नॉर्वेचं. ९ एप्रिल १९४० ला ऑस्लोच्या खाडीत ऑस्कर्सबोर्गच्या किल्ल्यावर एकोणिसाव्या शतकातल्या २८ सेंटीमीटरच्या क्रुप तोफा, बरेचसे शिपाई नवखे, मोठे गोळे सुटले फक्त दोन, दोन्ही लागले. वर किल्ल्याच्याच टॉर्पेडोंनी चाल करून आलेली ब्लुचर ही नवीकोरी जर्मन क्रूझर बुडाली. मोजून दोन किलोमीटरच्या आतलं अंतर, तिथे जुनी तोफ पण चालते.

युद्ध संपल्यावर विमानं आणि मिसाईलपुढे एकाच जागी पक्की बसवलेली तोफ टिकेना. अमेरिकेने आपलं किनारी तोफदळ १९५० मध्ये, ब्रिटिशांनी १९५६ मध्ये गुंडाळलं. आता तेच काम ट्रकवरची मिसाईल करतात, आज इथे तर उद्या तिथे. घारापुरीच्या डोंगरावर मात्र दोन जुन्या तोफा अजून आहेत, लेणी बघून झाली की लोक धापा टाकत वर येतात आणि नळीवर बसून फोटो काढतात.