नेतृत्व, प्रेरणा आणि संस्कृती (मराठवाड्यातल्या कामाच्या संदर्भात)

चांगला साहेब कोणाला म्हणायचं आणि माणूस जीव लावून काम कशासाठी करतो, हे सगळीकडं सारखं नसतं, ते त्या त्या समाजाच्या वळणावर ठरतं. डच संशोधक हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांची उत्तरं तपासून १९८० मध्ये हे मांडलं. वरच्या-खालच्यातलं अंतर लोक किती गृहीत धरतात याचा त्यांचा आकडा भारताला ७७, अमेरिकेला ४०. पण देशाचा एकच आकडा घेऊन बीड-जालन्याच्या माणसाबद्दल बोलायला गेलं की गडबड होते.

ऊसतोडीचंच बघा. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास लाखो लोक पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि टोळीचा म्होरक्या मुकादम. तो बहुतेकदा गावातला नाहीतर भावकीतला, हंगामाआधी उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, पोरीच्या लग्नाला पैसा उभा करतो, म्हणून त्याचा शब्द मोडवत नाही. पण उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी परत त्याच्याकडंच जावं लागतं, आजारपणातला खाडासुद्धा अंगावर पडतो. काहीजण याला निष्ठा म्हणतात, मला ते बिलकुल पटत नाही, कर्जानं बांधलेल्या माणसाचं राबणं ही प्रेरणा नव्हे. आणि बाई तर अर्धा कोयता असते, उचल मात्र नवऱ्याच्या हातात जाते.

सावडीत, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबण्यात, याच्या उलट. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या, मजुरी नाही की मुकादम नाही, तरी कोणी अंग चोरत नाही, कारण उद्या त्याच लोकांना तोंड दाखवायचंय. ट्रॅक्टर आल्यापासून हे कमी झालंय.

पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० च्या सुमारास म्हटलं की भारतात आधी जपणारा आणि मग काम मागणारा साहेब चालतो. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला त्या वाळूजच्या एमआयडीसीत गावाकडची पोरं आली, त्यांच्या बाबतीत हे पटतं. ज्या सुपरवायझरनं पोळ्याची सुट्टी अडवली नाही त्याच्यासाठी पोरं रविवारी ओव्हरटाइमला स्वतःहून उभी राहतात, बोर्डावर ‘उत्तम कामगार’ म्हणून फोटो लावून तेवढं होत नाही. पण सिन्हांचं पुढचं म्हणणं असं की माणसं तयार झाली की निर्णय हळूहळू त्यांच्या हातात द्यावेत, आणि इथंच गाडी अडते. मशीनला काय झालंय हे पोराला आधीच कळलेलं असतं, तरी साहेबानं विचारल्याशिवाय ते तोंड उघडत नाही.