कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जमिनीलगतच हवा का?

थंडी पडली, जळगाव-धुळ्याकडे पऱ्हाटीच्या निखाऱ्यांचं घमेलं खोलीत घेऊन दारं लागू लागली, की निखाऱ्यांतून निघणाऱ्या या विषारी वायूबद्दल हा मेसेज फिरतो: ‘कार्बन मोनॉक्साइड जड असतो, खाली साचतो, अलार्म जमिनीलगतच लावा.’

हा समज कुठून आला असावा, ते कळतं. स्वयंपाकाचा गॅस खरंच जड असतो. त्यातल्या प्रोपेनचा रेणुभार ४४, ब्यूटेनचा ५८ आणि हवेचा सरासरी २९. म्हणून त्याचा अलार्म खाली लावतात. कार्बन मोनॉक्साइडचा मात्र २८. कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनचे १६, शाळेच्या पुस्तकातून बेरीज करून पाहा. तो खाली बसत नाही. निखाऱ्यांच्या गरम हवेबरोबर वर चढतो नि खोलीभर मिसळतो. झोपायच्या खोलीत उशीच्या उंचीवर अलार्म लावला तरी चालतो, पडद्याआड किंवा कपाटामागे तेवढा नको. बाकी अलार्मसोबतच्या कंपनीच्या पत्रकात लिहिलंय तसं.

खरी गफलत दुकानात होते. नुसता ‘गॅस डिटेक्टर’ मागितला तर एलपीजीचा हातात पडू शकतो, आणि त्याला हा वायू कळेलच असं नाही. खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ आणि ईएन ५०२९१ हे मानक शोधा. बटण दाबल्यावर वाजला म्हणजे भोंगा आणि बॅटरी ठीक. सेन्सर जुना झालाय का, हे मात्र त्यावर छापलेल्या मुदतीवरूनच बघायचं.