इंजिन बंद ठेवून रेषेवर उतरायचं

विमानाचं इंजिन बंद पडलं की ते दगडासारखं खाली येतं, असं अजूनही भरपूर लोकांना वाटतं, आणि अपघाताची बातमी आली की टीव्हीवाले त्या समजाला खतपाणीच घालतात. ज्यांना असं वाटतं त्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थी पायलटांची सेफकॉन ही स्पर्धा एकदा बघावी. कॉलेजाकॉलेजांतल्या अशा विमानस्पर्धा तिकडे १९२० पासून आहेत. सेफकॉनमध्ये नेव्हिगेशन असतं, विमानातून पाकीट खाली नेमक्या जागी टाकायचं असतं, उड्डाणाआधीच्या तपासणीत मुद्दाम ठेवलेले दोष शोधायचे असतात. पण माझा जीव अडकलाय तो पॉवर-ऑफ लँडिंगमध्ये. धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेने जाताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण मागे घ्यायचा, परत पॉवर द्यायची नाही, आणि वळून येऊन धावपट्टीवर आखलेल्या रेषेवर चाकं टेकवायची. रेषेपासून जितकं लांब टेकाल तितकी पेनल्टी.

आता यातली गंमत बघा. सेसना १७२ हे चार जणांचं छोटं विमान इंजिनाशिवाय साधारण ९ फूट पुढे जातं तेव्हा १ फूट खाली येतं, म्हणजे १००० फुटांवरून वारा नसताना पावणेतीन किलोमीटर. पण हे फक्त एका ठराविक वेगाला, नव्या मॉडेलात पूर्ण वजनाला ६८ नॉट, म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर. हाच वेग का, तर हवेचा विरोध दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे विमानाच्या अंगाला घासून जाणाऱ्या हवेचा, तो वेगाच्या वर्गाने वाढतो. दुसरा म्हणजे उचल निर्माण करण्याची किंमत, कारण हळू उडताना तेवढंच वजन पेलायला पंख हवेला जास्त कोन करून धरावा लागतो, पंखांच्या टोकाला भोवरे जोरात तयार होतात, आणि हा विरोध वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे वेग निम्मा केला तर चौपट. दोघांची बेरीज जिथे सगळ्यात कमी तो बेस्ट ग्लाइड स्पीड, आणि तिथे हे दोन्ही विरोध बरोबर सारखे असतात.

म्हणून होतं काय, की रेषेपर्यंत पोचत नाहीये असं दिसलं की नवशिक्याचा हात आपोआप नाक वर ओढतो. क्षणभर बरं वाटतं, मग वेग पडतो, भोवऱ्यांचा विरोध वाढतो आणि विमान आणखीच अलीकडे पडतं. समोरून वारा असेल तर उलट नाक थोडं खाली करून वेग वाढवावा लागतो, कारण १५ नॉटच्या वाऱ्यात ६८ चा जमिनीवरचा वेग ५३ च उरतो आणि ते पावणेतीन किलोमीटर जेमतेम २.१ वर येतात. मनाला पटत नाही, पण गणित असंच आहे.

उंची जास्त झाली तर उपाय आहे, स्लिप. रडर (शेपटीवरची उभी झडप) एकीकडे, एलरॉन (पंखांच्या टोकांकडच्या झडपा) दुसरीकडे, विमान तिरकं होऊन कुशीने हवेला भिडतं आणि वेग न वाढता उंची उतरते. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं, किलो आणि पाउंडच्या घोळामुळे, तेव्हा कॅप्टन बॉब पिअरसननी हेच केलं आणि कॅनडातल्या गिमली गावच्या जुन्या एअरबेसवर विमान उतरवलं. सगळे ६९ जण वाचले. लोक याला चमत्कार म्हणतात, मला राग येतो त्याचा. पिअरसन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, उडवायचे, हातात सराव होता, देवाच्या नावावर कशाला खपवायचं?

आणि शेवटच्या काही फुटांत आणखी एक भानगड, ग्राउंड इफेक्ट. जमिनीपासून पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर (सेसनात ११ मीटर) भोवऱ्यांना पसरायला जागा मिळत नाही, विरोध घटतो आणि विमान खाली बसायलाच तयार होत नाही, तरंगत राहतं. त्यात वेग १० टक्के जास्त असेल तर ऊर्जा २१ टक्के जास्त, म्हणजे रेष पायाखालून कधीच निघून गेली. म्हणून तयारीची पोरं रेषेवर नेम धरतच नाहीत, तिच्या बऱ्याच अलीकडची जागा धरतात, आणि ती किती अलीकडे हे त्या दिवशीचा वारा बघून दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.