प्रत्येक क्लिकसोबत जाणारी ओळख

२८ सप्टेंबर २०१८ रोजी फेसबुकने जाहीर केलं की सुमारे पाच कोटी खात्यांमध्ये परक्यांना शिरता येईल अशी चूक सापडली आहे. आणि त्याच निवेदनात सांगितलं की कुणीही पासवर्ड बदलायची गरज नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण ते बरोबर होतं. पासवर्ड गेलेच नव्हते. गेली होती टोकनं, म्हणजे लॉगिन झाल्यावर ओळख म्हणून मिळणाऱ्या खुणा.

फेसबुकवर 'व्ह्यू ॲज' नावाची सोय होती. आपलं प्रोफाइल अमुक मैत्रिणीला कसं दिसतं, ते या सोयीमुळे बघता यायचं. तिथे नुसतं बघता यावं, काही करता येऊ नये, असा हेतू होता. पण वाढदिवसाच्या शुभेच्छा देण्याच्या चौकटीत व्हिडिओ टाकायची सोय चुकून उघडी राहिली. जुलै २०१७मध्ये नव्याने आलेला तो व्हिडिओ अपलोडर मोबाइल ॲपचे अधिकार असलेलं टोकन तयार करत होता, जे त्याने करायलाच नको होतं. त्यातही ते टोकन बघणाऱ्याच्या नावाने निघत नव्हतं. ज्या मैत्रिणीच्या नजरेतून तो बघतोय, तिच्या नावाने निघत होतं आणि पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे मूळ कोडमध्ये, पडून राहत होतं. ते उचललं की मैत्रिणीचं खातं हातात, आणि तिथून पुढे तिच्या ओळखीच्यांची. एकेकटी पाहिली तर यातली कुठलीच चूक एवढी मोठी नव्हती. फेसबुकने 'व्ह्यू ॲज' बंद केलं, खबरदारी म्हणून एकूण सुमारे नऊ कोटी खात्यांची टोकनं रद्द केली आणि त्या सगळ्यांना पुन्हा लॉगिन करायला लावलं. प्रत्यक्षात चोरीला गेलेल्या टोकनांचा आकडा पुढच्या तपासात तीन कोटींच्या आसपास निघाला.

लॉगिन झालं की पासवर्डचं काम संपतं. त्यानंतर सर्व्हरच्या लेखी तुम्ही म्हणजे ते टोकन. आपण पासवर्डची जेवढी काळजी करतो, त्याच्या दशांशही टोकनाची करत नाही, आणि मला ते धोक्याचं वाटतं.

हे असं का, याचं उत्तर वेबच्या मूळ रचनेत आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेत वेब घडवलं ते कागदपत्रं वाचण्यासाठी. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर पान देतो, व्यवहार संपला. एचटीटीपी या वेबच्या नियमावलीत प्रत्येक रिक्वेस्ट, म्हणजे मागणी, स्वतंत्र असते. आधीच्या रिक्वेस्टची कुठलीही आठवण सर्व्हरने ठेवावी अशी अपेक्षा नसते. ही रचना उत्तम आहे. हजार सर्व्हरांपैकी कुणीही कुठल्याही रिक्वेस्टला उत्तर देऊ शकतो, कारण मागचा संदर्भ कुणालाच लागत नाही. पण खरेदीची टोपली, बँकेचं खातं, ईमेल असं काही वेबवर आणायचं म्हटलं की समोरचा कोण हे कळावंच लागतं. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मॉन्टुली यांनी त्यावर कुकीचा उपाय काढला: सर्व्हरने एक छोटी खूण द्यायची आणि ब्राउझरने ती पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला जोडायची.

आज ओळख जोडायचे मुख्य मार्ग दोन. एक ही कुकी, जी ब्राउझर आपणहून पाठवतो. दुसरा हेडर. प्रत्येक रिक्वेस्टच्या वरच्या भागात माहितीच्या काही ओळी असतात, त्यांतल्या 'ऑथोरायझेशन' नावाच्या ओळीत ॲप्लिकेशनचा कोड स्वतः टोकन घालतो. तुम्हालाही ते बघता येतं. संगणकावर लॉगिन करून एफ-१२ दाबा, नेटवर्कचा टॅब उघडा आणि पान रिफ्रेश करा. पानाने केलेल्या रिक्वेस्टांची यादी सरसर खाली उतरते. एखादीवर क्लिक करून रिक्वेस्ट हेडर पाहिले, तर बऱ्याच साइटवर 'बेअरर' (धारक) हा शब्द आणि त्यापुढे अक्षरांची लांबलचक माळ दिसते. ही माळ कुणालाही पाठवू नका, स्क्रीनशॉटमध्येही येऊ देऊ नका.

ती माळ पुष्कळदा स्मॉल ई, स्मॉल वाय, कॅपिटल जे या तीन अक्षरांनी सुरू होते. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ती हाताने सोडवता येते. २०१५ साली प्रमाण ठरलेल्या जेडब्ल्यूटी नावाच्या टोकनात आतला मजकूर जेसन या माहिती मांडायच्या स्वरूपात असतो, आणि तो महिरपी कंस व दुहेरी अवतरणचिन्ह यांनी सुरू होतो. मग तो बेस-६४ पद्धतीने लिहितात. म्हणजे सहा-सहा बिटांचे, अर्थात शून्य-एकांचे, गट पाडायचे आणि प्रत्येक गटाला ६४ चिन्हांच्या यादीतलं एक चिन्ह द्यायचं. महिरपी कंसाचे बिट ०११११०११, अवतरणचिन्हाचे ००१०००१०. पहिला गट ०११११०, म्हणजे ३०. यादीत शून्यापासून मोजलं की तिथे स्मॉल ई येतो. दुसरा ११००१०, म्हणजे ५०. तिथे स्मॉल वाय. उरले ००१०, आणि त्यांना पुढच्या अक्षराचे पहिले दोन बिट जोडायचे. तिथे स्मॉल इंग्रजी अक्षर असतं, आणि त्याचे पहिले दोन बिट नेहमी ०१ असतात. झाले ००१००१, म्हणजे ९, आणि नवव्या जागी कॅपिटल जे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते: बेस-६४ म्हणजे कुलूप नव्हे. टोकनातला मजकूर कुणीही उलगडून वाचू शकतो, म्हणून त्यात गुपित काही ठेवायचं नसतं. आत असतं काय? हे टोकन कुणाचं, कुणी दिलं, कुठल्या सेवेसाठी दिलं आणि त्याची मुदत कधी संपते. मुदत १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत लिहिलेली असते. १७६७२२५६०० असा आकडा दिसला तर तो १ जानेवारी २०२६, आपल्याकडची पहाटे साडेपाचची वेळ.

मग कुणी आपल्या टोकनातला खातेक्रमांक बदलून दुसऱ्याचा घातला तर? इथे टोकनाचा तिसरा तुकडा कामाला येतो. टिंबांनी जोडलेल्या तीन तुकड्यांपैकी पहिल्यात पद्धतीची माहिती, दुसऱ्यात मजकूर आणि तिसऱ्यात सही असते. सर्व्हर आपल्याजवळची गुप्त किल्ली आणि पहिले दोन तुकडे घेऊन गणित करतो आणि उत्तर सहीशी ताडून बघतो. मजकुरातला एक आकडा जरी बदलला तरी उत्तर पूर्णपणे वेगळं येतं, आणि किल्ली नसताना नवी सही करता येत नाही. अर्थात सही तपासणारा कोड नीट लिहिलेला असला तरच. २०१५ साली टिम मॅक्लीन यांनी दाखवून दिलं की काही लोकप्रिय लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) 'या टोकनावर सही नाही' असं खुद्द टोकनानेच पहिल्या तुकड्यात लिहिलं, तर त्यावर विश्वास ठेवत होत्या. तपासायचं कसं, हे ज्याला तपासायचं त्यालाच विचारल्यासारखं झालं.

पण सही अगदी चोख असली तरी ती एकाच प्रश्नाचं उत्तर देते: टोकन खरं आहे का? ते आणणारा कोण, हे ती सांगत नाही. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला दाखवला की चपला मिळतात. बिल्ला कुणी आणला हे तिथे कुणी विचारत नाही. २०१२च्या बेअरर टोकनाच्या नियमावलीत नेमकं हेच गृहीत धरलंय. ज्याच्या हातात टोकन, त्याला हक्क.

म्हणून टोकन जोडणारा कोड हा ॲप्लिकेशनमधला सर्वांत नाजूक भाग समजावा. बहुतेक ठिकाणी तो एकाच जागी लिहितात. बाहेर जाणारी प्रत्येक रिक्वेस्ट त्या 'इंटरसेप्टर'मधून जाते आणि तिथे तिला हेडर लागतो. सोय मोठी आहे, आणि धोकाही त्यातच. एखादं ॲप स्वतःच्या सर्व्हरशी बोलतं, तसंच नकाशा देणाऱ्या कंपनीशी आणि वापराची आकडेवारी गोळा करणाऱ्या सेवेशीही बोलतं. पत्ता न तपासता सगळ्यांनाच हेडर लावला, तर वापरकर्त्यांची टोकनं परक्या सर्व्हरांच्या नोंदींत जाऊन पडतात. ॲप मात्र सुरळीत चालतं, तक्रार कुणाची येत नाही, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहू शकते. टोकन वेबपत्त्यात घालण्यानेही तेच होतं. पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्येही.

मुदतीची भानगड आणखी गुंतागुंतीची. चोरीचं नुकसान कमी व्हावं म्हणून टोकनाला काही मिनिटांचंच आयुष्य देतात, आणि नवं मिळवण्यासाठी सोबत एक लांब मुदतीचं रिफ्रेश टोकन देतात. मुदत संपली की सर्व्हर ४०१ हा आकडा परत पाठवतो. (४०३ वेगळा: ओळख पटली, पण परवानगी नाही.) मग ॲपने रिफ्रेश टोकन दाखवून नवं घ्यायचं आणि अडलेली रिक्वेस्ट पुन्हा पाठवायची. आता असं समजा की एक पान उघडताच पाच रिक्वेस्टा एकदम गेल्या. पाचही ४०१ घेऊन परतल्या. पाचही रिफ्रेश करायला धावल्या. रिफ्रेश टोकन एकदाच वापरता येणारं असेल, तर पहिलीचं काम होतं आणि दुसरी तेच वापरलेलं टोकन घेऊन पोहोचते. सर्व्हरला ती चोरी वाटते आणि तो सगळंच रद्द करतो. फॉर्म अर्धा भरलेला असताना लॉगिनचं पान समोर येतं, त्यामागे पुष्कळदा हे असतं. उपाय साधा आहे: रिफ्रेशला एकीनेच जायचं, बाकीच्यांनी थांबायचं. साधा असूनही तो राहून जातो.

टोकन ब्राउझरमध्ये ठेवायचं कुठे, यावर प्रोग्रॅमरांमध्ये अजून वाद आहे. लोकल स्टोरेज या ब्राउझरमधल्या साठ्यात ठेवलं तर पानात घुसलेली कुठलीही परकी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) ते वाचू शकते. 'एचटीटीपी-ओन्ली' कुकी स्क्रिप्टला वाचताच येत नाही, पण ती आपोआप जोडली जाते, त्यामुळे दुसऱ्या साइटने तुमच्या नकळत रिक्वेस्ट घडवली तरी कुकी सोबत जाऊ शकते. 'सेमसाइट' हा नियम त्याला आळा घालतो, आणि क्रोमने २०२०पासून त्याचं 'लॅक्स', म्हणजे सैल, रूप साइटने न सांगताही लागू करायला सुरुवात केली. म्हणून आज माझा कौल कुकीला आहे.

वाटेतली चोरीही झाली. २०१०च्या ऑक्टोबरात एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेंशन प्रसिद्ध केलं. कॅफेतल्या उघड्या वायफायवर बसून एक बटण दाबलं की आजूबाजूच्यांची खाती यादीत दिसायची. नावावर क्लिक केलं की त्या खात्यात शिरता यायचं. अनेक साइट तेव्हा पासवर्ड तेवढा एनक्रिप्ट करून पाठवत, आणि नंतरची पानं, कुकीसकट, उघड्यावर. संपूर्ण साइटभर एचटीटीपीएस, म्हणजे एनक्रिप्ट केलेलं एचटीटीपी, हवंच, हे त्यानंतर कंपन्यांच्या गळी उतरू लागलं.

अलीकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. लॉगिनच्या व्यवस्था पुरवणाऱ्या ओक्टा या कंपनीच्या ग्राहक-मदत यंत्रणेत २०२३मध्ये घुसखोरी झाली. अडचण तपासायला ग्राहक ब्राउझरमधल्या सगळ्या रिक्वेस्टांची नोंद, म्हणजे हार फाइल, पाठवत. त्या नोंदीत हेडर आणि कुकीही जशाच्या तशा असतात. १३४ ग्राहकांच्या फाइलींपर्यंत घुसखोर पोहोचला आणि त्यांतल्या टोकनांच्या जोरावर त्याने पाच ग्राहकांची सेशन, म्हणजे चालू लॉगिन, ताब्यात घेतली. मदत मागताना कुणी हार फाइल मागितली, तर आधी त्यातली टोकनं पुसा आणि त्या साइटवरून लॉगआउट करा. खातं कुणीतरी वापरतंय असा संशय आला, तर नुसता पासवर्ड बदलून भागेलच असं नाही; सेटिंगमध्ये 'सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट' शोधा, कारण जुनी टोकनं त्यानेच मरतात.

बेअररच्या मूळ गृहीतकालाच हात घालायचं कामही सुरू आहे. सप्टेंबर २०२३मध्ये प्रमाण झालेल्या डीपॉप या पद्धतीत ॲप स्वतःजवळ एक खासगी किल्ली ठेवतं आणि प्रत्येक रिक्वेस्टसोबत, ती कुठल्या पत्त्यावर आणि केव्हा चालली आहे हे लिहून, ताजी सही जोडतं. टोकन त्या किल्लीशी बांधलेलं असतं, त्यामुळे नुसतं टोकन पळवून उपयोग नाही. २०२४मध्ये क्रोमच्या चमूने अशी किल्ली संगणकातल्या सुरक्षा चिपमध्येच ठेवायचा प्रस्ताव मांडला. तसं असेल तर घुसखोराने कुकी उचलून आपल्या यंत्रावर नेली, तरी तिथे ती थोड्याच वेळात निकामी होईल.